मु. पो. वाचक

मी इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करतो. म्हणजे लोकांच्या घरात शिरून, ते जेवायला बसलेले असताना, त्यांच्या डोक्यावरच्या स्लॅबला हातोडीने टकटक करतो. आवाज खणखणीत आला की पुढे सरकतो. बद्द आला की थांबतो आणि वहीत काहीतरी लिहितो. मी वही उघडली की त्या घरातला घास हातातच राहतो. ‘काय लिहिलंत?’ असा प्रश्न येतो. ‘रिपोर्टमध्ये येईल,’ असं मी सांगतो. हे मी गेली अठरा वर्षं सांगतोय आणि रिपोर्टमध्ये ते येतंही. फक्त त्या घरातल्या माणसाला ते सापडत नाही.

इमारत समजून घेणं तसं अवघड नाही. कॉलमला भेग पडली की ती दिसते. सळईला गंज चढला की तो गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, भोवतीच्या काँक्रीटला आतून ढुसण्या देतो आणि एक दिवस पोपडा खाली येतो. यात लपवाछपवी नाही, राजकारण नाही. अवघड असतो तो रिपोर्ट वाचणारा. त्याच्या भेगा प्लास्टरच्या आत असतात आणि वरून ताजा रंग मारलेला असतो.

माझा पहिला रिपोर्ट ६४ पानांचा होता. इंग्रजीत. पहिली ९ पानं भारतीय मानकांचे आकडे, मग प्रत्येक चाचणीमागचं शास्त्र, मग तक्ते, मग तक्त्यांचे आलेख, मग आलेखांवरून पुन्हा तक्ते. निष्कर्ष ५८व्या पानावर. निष्कर्ष असा, की जिन्याच्या दुसऱ्या लँडिंगला ताबडतोब टेकू लावायला हवा. मला तो रिपोर्ट फार आवडला होता. बायको म्हणते, तू तो उशाशी घेऊन झोपला होतास. मला तसं आठवत नाही. दीड महिन्याने उरलेला चेक आणायला गेलो तेव्हा गेटवर वॉचमन त्याच रिपोर्टाने डास मारत होता. मला बघून उठला, सलाम केला आणि स्पायरल बाइंडिंगवरून हात फिरवत म्हणाला, ‘चांगला आहे साहेब. लवचीक आहे.’ त्या रिपोर्टावर मला आजवर मिळालेला हा एकमेव अभिप्राय. टेकू लागलेला नव्हता. लँडिंगवर एक सायकल आणि तीन कुंड्या मात्र होत्या, त्यातल्या एका कुंडीत नवीन तुळस.

मी हे तणतणत आमच्या साहेबांना सांगितलं. साहेब तेव्हा निवृत्तीला आले होते, त्यामुळे त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे.

‘कोणासाठी लिहिला होतास?’

‘सोसायटीसाठी.’

‘सोसायटी चष्मा लावते का?’

मी गप्प.

‘सोसायटी म्हणजे नोंदणी क्रमांक. नोंदणी क्रमांक काही वाचत नाही. सेक्रेटरी करतो काय? चेअरमन कितव्या मजल्यावर राहतो? मागची दुरुस्ती कुणाच्या काळात झाली? कुणाचं कुणाशी बोलणं नाही? हे विचारलं होतंस?’

‘साहेब, हे इंजिनिअरिंगमध्ये येत नाही.’

‘म्हणून डास मेले,’ साहेब म्हणाले आणि डबा उघडून बसले.

खरं तर हे शाळेतच शिकवलेलं असतं. पत्रलेखनात मायन्याला वेगळे गुण असायचे. वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि साष्टांग नमस्कार, धाकट्याला ‘चिरंजीव’ आणि अनेक आशीर्वाद, परक्या गृहस्थाला ‘राजमान्य राजश्री’. मी एकदा क्रीडांगणावर पाणी साचतं म्हणून तक्रार करताना मुख्याध्यापकांना ‘सप्रेम नमस्कार’ लिहिला होता. बाईंनी गुण कापले आणि शेजारी शेरा मारला : ‘कोणाला लिहीत आहेस?’ यादवांच्या दरबारातल्या हेमाडपंताच्या नावावर पत्रांचे मायने ठरवून देणारी मेस्तकं सांगितली जातात. कोणाला कुठल्या शब्दांनी सुरुवात करायची, याची कोष्टकंच ती. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचा कारकून आधी वाचणाऱ्याची पायरी बघायचा आणि मग दौतीत बोरू बुडवायचा. आम्ही रिपोर्टावर लिहितो, ‘ज्या कोणाशी संबंध असेल त्यांस’. मग कोणाचाच संबंध येत नाही.

तर तेव्हापासून मी दोन ऑडिटं करतो. एक इमारतीचं, त्याचं बिल लावतो. दुसरं वाचणाऱ्यांचं, ते फुकट.

हल्लीचंच उदाहरण सांगतो. खाडीजवळची इमारत, चाळीस वर्षं होऊन गेलेली. तळाला दुकानं, वर चार मजले, दोन विंगा, ३२ घरं. खारी हवा, त्यामुळे गच्चीतल्या लोखंडी शिडीपासून चेअरमनच्या स्कूटरपर्यंत सगळ्याला गंज. ऑडिट काही त्यांनी हौसेने करायला घेतलं नव्हतं. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडलेलीचं तीन वर्षांतून एकदा ऑडिट करायचं असतं. मुंबई महानगरपालिका अधिनियमातलं कलम ३५३-ब तीस वर्षांवरच्या इमारतींना तपासणी करून घ्यायला सांगतं, बाकीच्या महापालिकांसाठी त्यांच्या अधिनियमात २६५-अ आहे. पण उपविधी वाचणं हा आपल्याकडे भांडण सुरू झाल्यानंतरचा कार्यक्रम. इथेही चौथ्या मजल्यावरच्या एका सभासदाने नोटीस ठोकली, तेव्हा कमिटीला माझा फोन नंबर सापडला.

मी आधी वॉचमनकडे गेलो. वॉचमनच्या खुर्चीवर अर्धा तास बसलं की सगळी इमारत उलगडते. सेक्रेटरी सकाळी साडेसहाला फिरायला जातात आणि पंपाचं बटण स्वतः दाबतात, म्हणजे माणूस कामाचा पण दुसऱ्यावर विश्वास नाही. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, वर्तमानपत्रवाल्याच्या बिलातसुद्धा सुट्टीचे दिवस वजा करतात. चेअरमन ‘बरं’ म्हणतात. ३०२ आणि ४०२ एका लिफ्टमध्ये चढत नाहीत. बी विंगमध्ये पुनर्विकासवाले, ए विंगमध्ये ‘आहे ते बरं आहे’वाले. साहेबांच्या भाषेत, पत्रिका तयार झाली. आता ग्रह कोणते वक्री आहेत ते बघायचं.

चाचण्यांच्या दिवशी सगळे ग्रह खाली जमले. माझ्या धंद्यात एक चाचणी फार प्रेक्षणीय आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि त्याचा अल्कधर्म मोडून टाकतो. ताज्या काँक्रीटचा सामू १२-१३ च्या घरात असतो, त्या कवचात सळई सुखरूप राहते. सामू ९ च्या खाली घसरला की कवच गेलं. हे ओळखायची युक्ती दहावीच्या प्रयोगशाळेतली : काँक्रीट जरासं फोडायचं आणि ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थेलिन फवारायचं. काँक्रीट निरोगी असेल तर झगझगीत गुलाबी होतं. बाद झालं असेल तर रंगच येत नाही.

ए विंगच्या पहिल्या कॉलमवर मी फवारा मारला. कॉलम राणी रंगाचा झाला. एक बाई ‘अगं बाई!’ म्हणून मागे सरल्या आणि त्यांनी नातवाला पाठीशी घेतलं. ‘रक्तासारखं दिसतंय हो,’ कुणीतरी म्हणालं. ए विंग एकदम गंभीर झाली. मग आम्ही बी विंगच्या मागच्या, ओल धरलेल्या कॉलमकडे गेलो. फवारलं. काहीच नाही. पुन्हा फवारलं. राखाडी तो राखाडी. आणि बी विंगमध्ये, पुनर्विकास क्षणभर विसरून, टाळ्या पडल्या. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. मी ओरडून सांगतोय, अहो उलटं आहे, रंग येणं चांगलं, न येणं वाईट. पण तोवर व्हॉट्सअॅपवर फोटो गेला होता : ‘बी विंग रिपोर्ट निल’. आपल्याकडे रक्तलघवीच्या तपासणीत ‘काही निघालं नाही’ याचा अर्थ चांगला असतो. चाळीस वर्षं त्या सवयीने वाचत आलेल्या डोळ्यांपुढे मी ‘रंगहीन’ असा शब्द ठेवून इतकी वर्षं निवांत झोपत होतो. मागच्या रिपोर्टांत मी हा शब्द किती जागी वापरला असेल आणि किती इमारतींत त्यावर पेढे वाटले गेले असतील, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

खजिनदारांचं बरोबर उलट झालं. गंजाची शक्यता मोजायची आणखी एक चाचणी असते, तिचे आकडे ऋण येतात. उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं की सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. खजिनदारांनी माझ्या सहायकाच्या वहीत डोकावून पाहिलं. ओळीने उणे ३८०, उणे ४१०, उणे ३९५. त्यांचा चेहरा उतरला. ‘सगळी खाती तोट्यात?’ मी म्हटलं, हो. त्यांना व्होल्ट, इलेक्ट्रोड, काही सांगावं लागलं नाही. इमारतीतला एकमेव माणूस, ज्याला ती चाचणी पूर्ण आणि अचूक कळली. ध्वनिलहरींच्या चाचणीच्या वेळी मात्र, चांगल्या काँक्रीटमधून लहर सेकंदाला चार किलोमीटरच्या आसपास जाते असं मी सांगितल्यावर एका गृहस्थांनी विचारलं की मग लिफ्टला चौथा मजला गाठायला इतका वेळ का लागतो. त्यांचा मुद्दा मी टिपून घेतला.

आता लिहायला बसलो. समोर कागद एक आणि वाचणारे इतके.

सेक्रेटरींचा फोन रात्री दहाला आला. कच्चा मसुदा त्यांनी मागून घेतला होता आणि १७व्या पानावर त्यांना ठेच लागली होती. तिथे मी लिहिलं होतं, की आधीची दुरुस्ती निकृष्ट दर्जाची आहे. दुरुस्ती २०१९ ची. तेव्हाही सेक्रेटरी हेच.

‘ते निकृष्टच्या जागी दुसरा एखादा शब्द बसेल का?’

‘वरवरची?’

‘छे.’

‘तात्पुरत्या स्वरूपाची?’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘तत्कालीन परिस्थितीनुरूप, असं चालेल का?’

पूर्वी मी ताठ राहिलो असतो. सत्य ते सत्य, निकृष्ट ते निकृष्ट. आणि मग हा रिपोर्ट सेक्रेटरींच्या कपाटात गाद्यांच्या खाली तीन वर्षं राहिला असता, कारण रिपोर्टाच्या झेरॉक्स काढून वाटायचं काम त्यांचंच. मी वाक्य बदललं : ‘२०१९ च्या दुरुस्तीनंतरही सळयांवरील गंज पुढे वाढलेला आढळला.’ गंजाला कर्ता केलं. गंज कमिटीची निवडणूक लढवत नाही, त्याला वाईट वाटत नाही. सेक्रेटरींनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि खूश होऊन म्हणाले, ‘बघा ना, आम्ही दुरुस्ती करूनसुद्धा गंज ऐकत नाही.’ दुसऱ्या दिवशी ३२ प्रती निघाल्या, पैकी काही रंगीत.

पण ही युक्ती ३०२ आणि ४०२ च्या बाबतीत माझ्यावरच उलटली होती, ते सांगायला हवं. ३०२ च्या न्हाणीघराच्या छताला ओल. आमच्या धंद्यात अशा वेळी वापरायचं एक पेटंट वाक्य आहे : ‘गळतीचा उगम वरील मजल्यावर असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ हे वाक्य शोधणाऱ्याचा पुतळा उभारायला हवा. यात होकार आहे, नकार आहे, आणि लिहिणारा कुठेच नाही. मसुद्यात मी हेच वाक्य टाकलं आणि त्यावर मोठा मुत्सद्दी असल्यासारखा चहा घेतला. ३०२ ने ‘वरील मजल्यावर’ याच्याखाली लाल रेघ मारून कमिटीकडे अर्ज केला. ४०२ ने ‘शक्यता’ याच्याखाली निळी रेघ मारून त्याच कमिटीकडे अर्ज केला. दोघांनीही अर्जाला माझं वाक्य पुरावा म्हणून जोडलं. छत गळतच राहिलं.

साहेबांना फोन केला. आता ते नातवंडं सांभाळतात. ते म्हणाले, ‘भांडणाऱ्या माणसाला वाक्य देऊ नकोस. काम दे.’

मी वाक्य काढलं आणि लिहिलं : ४०२ च्या न्हाणीघराचा ट्रॅप बुजवून रंगीत पाणी भरावं, २४ तास थांबावं, ३०२ च्या छताकडे बघावं. दोन्ही घरांनी हजर राहावं. रविवारी पाणी भरलं. सोमवारी संध्याकाळी ३०२ च्या छताला निळा डाग आला. ४०२ चे गृहस्थ खाली येऊन डागाकडे खूप वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, ‘हे आमचं नाही. आमचं जांभळं होतं.’ पण सोबत त्यांची पत्नी होती. ती म्हणाली, ‘निळंच होतं. मीच घातली होती नीळ.’ वाचकांचा अभ्यास करताना मी बायकांना वगळलं होतं, ही चूक पुन्हा होणार नाही. प्लंबर बुधवारी आला.

बी विंगवाल्यांचं गणित निराळं. पालिकेच्या भाषेत इमारतीला शेवटी एक वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा. सी-२-ए म्हणजे रिकामी करून किंवा काही भाग उतरवून मोठी दुरुस्ती. सी-२-बी म्हणजे राहत्या घरात संरचनेची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. शाळेत अ वर्ग मिळावा म्हणून धडपडणारा मराठी माणूस पन्नाशीनंतर सी-वन मिळावा म्हणून धडपडतो, कारण त्याच्या पलीकडे त्याला टॉवर दिसतो, त्यात लॉबी, लॉबीत झुंबर. बी विंगचे एक गृहस्थ मला गच्चीवर बाजूला घेऊन, पत्रिका दाखवायला आलेल्या वधुपित्याच्या आवाजात म्हणाले, ‘सी-वन निघेल ना हो?’ त्याच दुपारी ए विंगच्या एका काकूंनी चहाबरोबर चकली पुढे केली आणि म्हणाल्या, ‘सी-थ्रीच आहे ना आपली? किती भक्कम आहे बघा,’ आणि भिंतीवर हात मारला. भिंत बद्द वाजली. आम्ही दोघांनी ते ऐकलं, दोघंही बोललो नाही. मी चकली खाल्ली.

२०१९ च्या शासन निर्णयापासून पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. ३२ घरांत म्हणजे १७. बी विंगचं नेटवर्क तगडं, त्यांनी १६ जमवले होते. १५ विरोधात. उरलेला एक न्यू जर्सीत. त्याने अकरा वर्षं ते घर बघितलेलं नाही, पण संमतीच्या दिवसांत सगळ्या इमारतीचं लक्ष त्याच्याकडे होतं. रिपोर्ट त्याला पीडीएफ करून पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘फोटो छान आले आहेत. गच्चीतला मारुती अजून आहे बघून बरं वाटलं.’ मारुती म्हणजे गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर कुणीतरी रंगवलेला. मी टाकीच्या बीमची भेग दाखवायला तो फोटो काढला होता.

इथे एक सांगून ठेवतो, नाहीतर गैरसमज व्हायचा. वाचणारा ओळखून लिहायचं म्हणजे त्याला हवं ते लिहायचं, असं मानणारे माझ्या व्यवसायात आहेत आणि त्यांच्या गाड्या माझ्या गाडीपेक्षा मोठ्या आहेत. वर्ग काय तो काँक्रीट ठरवतं. ही इमारत सी-२-बी होती आणि सी-२-बीच लिहिली. शब्द कुणाचे, क्रम कोणता, फोटो कितवा, एवढंच माझ्या हातात. त्या निकालाने १६ आणि १५ अशा ३१ जणांना मी एकाच वेळी नाराज केलं. चेअरमन ‘बरं’ म्हणाले.

पालिकेतल्या साहेबांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ते शेवटचं पान उघडतात, वर्ग बघतात, शिक्का बघतात, माझा नोंदणी क्रमांक बघतात. त्यांच्या टेबलावर असे ढीगभर रिपोर्ट पडलेले असतात, त्यांनी आणखी काय वाचावं? म्हणून आता मी त्यांना हवं ते शेवटच्या पानावर देतो आणि निकड पहिल्या पानावर. मधली पानं खजिनदारांसाठी. एकदा मी विचार केला होता, मधली पानं कोण वाचतं ते बघायला तिथे कुठेतरी पुरणपोळीची कृती टाकावी. बरं झालं टाकली नाही. खजिनदारांचं पत्र आलं : पान २३ वर बाधित कॉलम ७, पान ४१ वर ८, तरी खुलासा व्हावा. खरा आकडा ८ होता. या माणसामुळे एका कॉलमचा जीव वाचला, आणि वर्तमानपत्रवाला त्यांच्याबद्दल काय बोलतो ते मी यापुढे ऐकून घेणार नाही.

सगळे वाचणारे झाले असं वाटत होतं. पण पाहणीच्या पहिल्याच दिवसाची एक गोष्ट वहीत राहिली होती. ए विंग, पहिला मजला. आतल्या खोलीत एका आजी पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांच्या बरोबर डोक्यावर, न्हाणीघराच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात, स्लॅबला फुगवटा आलेला. मी काठी लावून पाहिलं. बद्द. दोन सळयांच्या रेषा रंगातून तांबूस उमटल्या होत्या. मी वही काढली. आजींनी ‘काय लिहिलंत’ असं विचारलं नाही. त्यांनी शेंगेचं टरफल बाजूला केलं आणि म्हणाल्या, ‘ते जाऊ दे रे बाबा. मी रात्री इथे झोपू का तिकडे झोपू, तेवढं सांग.’

अठरा वर्षांत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारलेला नाही. चार दिवस मी तीन लाखांची यंत्रं घेऊन जे शोधत हिंडलो, ते सगळं त्या एका वाक्याच्या उत्तरासाठीच होतं. मी लगेच तोंडी सांगितलं, तिकडे झोपा. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, ‘लिहून दे. मुलगा माझं ऐकत नाही.’

म्हणून या रिपोर्टाला मी पहिल्यांदाच एक साध्या मराठीतलं पान लावलं, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. त्यात मानकं नाहीत, तक्ते नाहीत. जिन्याला टेकू कुठे लावायचा, कुठल्या गॅलरीत उभं राहू नये, टाकी किती भरायची. गुलाबी म्हणजे चांगलं, हे ठळक. आणि दुसऱ्या नंबरला : ‘ए विंग, पहिला मजला, आतली खोली. न्हाणीघराच्या बाजूच्या छताचं काम होईपर्यंत आजींनी पलंग खिडकीकडे सरकवावा.’

विशेष सर्वसाधारण सभेत सगळ्यात जास्त चर्चा त्याच ओळीवर झाली. ८ कॉलम, टाकीचा बीम, उणे ४१० यांवर कुणी बोललं नाही. एकाने विचारलं, पलंग सरकवायचा खर्च सोसायटीचा की सभासदाचा. एकाचं म्हणणं, आजींचा उल्लेख आला तसा आपल्या सासऱ्यांचाही यावा, ते हॉलमध्ये झोपतात. बी विंगचं म्हणणं, पलंग सरकवावा लागतो ही इमारत सी-वनच. ए विंगचं म्हणणं, नुसता पलंग सरकवून भागतं ही इमारत सी-थ्रीच. पण पान सगळ्यांनी वाचलेलं होतं, हे मी मागच्या खुर्चीवरून पाहिलं. बऱ्याच जणांच्या हातात तेवढंच पान होतं, बाकीचं घरी. जिन्याच्या टेकूचा ठराव चहा येण्याआधी मंजूर झाला.

आठवड्याने टेकू बघायला गेलो. टेकू लागला होता. परत निघताना आजींच्या सुनेने दारातून हाक मारली, या ना, चहा टाकलाय. आत गेलो. पलंग खिडकीशी सरकला होता, त्यावर आजी निवांत पहुडल्या होत्या. मला पाहून उठून बसल्या, ‘बघ, तू लिहिलंस आणि तासाभरात सरकवला. मी चार महिने सांगत होते.’ मला भरून आलं. सूनबाईही म्हणाल्या, ‘तुमच्यामुळे खोली किती मोकळी झाली. पलंग गेला तसा हॉलमधला सोफा इकडे घेतला. बसा.’

सोफा न्हाणीघराच्या बाजूच्या कोपऱ्यात होता. मी वर पाहिलं. फुगवटा तिथेच होता, जरा वाढलेला. रिपोर्ट पहिल्यापासून मनात आठवून पाहिला. सोफ्याबद्दल त्यात काहीही नव्हतं. आजींनी शेंगांची वाटी माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, ‘बस की. उभा काय राहिलास?’